अभिक्रियाशील सिंटरिंग : निकेल ॲल्युमिनाइड

दोन धातूंच्या भुकट्या ठरलेल्या प्रमाणात मिसळून दाबाखाली वडी पाडायची आणि ती तापवताना त्या धातूंची अभिक्रिया होऊन आंतरधातवीय संयुग (धातूंचे ठरावीक अणुप्रमाणातले संयुग) व घट्ट पिंड एकाच वेळी घडवायचा, ही अभिक्रियाशील सिंटरिंगची पद्धत. निकेल व ॲल्युमिनियम ही यातली खूप अभ्यासली गेलेली जोडी. समअणू (एका निकेल अणूमागे एक ॲल्युमिनियम अणू असलेले) निकेल ॲल्युमिनाइड सुमारे १,६३८° से.ला वितळते, तरीही अभिक्रिया पेटवायला भट्टी ७०० अंशांपर्यंत नेली की पुरते, कारण उरलेली उष्णता अभिक्रियाच देते.

तीन निकेल अणूंमागे एक ॲल्युमिनियम अणू असलेल्या संयुगाच्या १०० ग्रॅमसाठी ८६.७ ग्रॅम निकेल आणि १३.३ ग्रॅम ॲल्युमिनियम लागते. हे संयुग कणसीमांवर, म्हणजे त्यातले स्फटिककण एकमेकांना भिडतात तिथे, तडकते. म्हणून ॲल्युमिनियम २४ अणुटक्क्यांवर (दर शंभर अणूंमागे २४) आणून (वजनाने सुमारे १२.७ टक्के) ०.१ टक्क्याच्या आसपास बोरॉन घालतात. ॲल्युमिनियम २५ अणुटक्क्यांवर गेले तर बोरॉनचा उपयोग झपाट्याने घटतो, त्यामुळे वजन करताना हलगर्जी चालत नाही.

निकेलची भुकटी बारीक, ३ मायक्रॉनच्या आसपासची, आणि ॲल्युमिनियमची त्याहून जाड घेतात. मिश्रण एकजीव झाले पाहिजे; पण ते बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळू नये, कारण कण चपटे होऊन एकमेकांत रुततात आणि अभिक्रिया आधीच सुरू होते. वडीची घनता सैद्धांतिक घनतेच्या ७० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. सैल वडीत कण एकमेकांना पुरेसे टेकत नाहीत. फार घट्ट वडीत वायू कोंडतो, शिवाय उष्णता झटकन पसरून अभिक्रिया पेटायला त्रास होतो. भुकटीला चिकटलेली ओल व वायू काढण्यासाठी वडी आधी निर्वातात मंद तापवतात.

खरी कसोटी ६४० अंशांजवळ लागते. तिथे ॲल्युमिनियमच्या बाजूला पहिला द्रव सुटतो, केशाकर्षणाने (बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याने) निकेलच्या कणांमधल्या फटींत शिरतो आणि काही सेकंदांत अभिक्रिया वडीभर पसरते. वडी लालभडक होते, घट्ट होते, द्रव संपतो. ही संधी एकदाच मिळते. मिनिटाला एक-दोन अंश इतक्या संथ गतीने तापवले, तर द्रव सुटण्याआधीच कणांच्या सीमेवर ॲल्युमिनियमबहुल संयुगांचे थर जमतात, ॲल्युमिनियम त्यांतच अडकते आणि द्रव तोकडा पडतो. मग वडी आकसण्याऐवजी फुगते. यासाठी मिनिटाला दहा अंश किंवा त्याहून जास्त गती ठेवतात. वडी थेट जाड धातूच्या तळावर ठेवली, तर तळाकडची उष्णता ओढली जाऊन तो भाग अर्धकच्चा राहतो.

सर्व नीट साधले तरी काही छिद्रे राहू शकतात, आणि त्याचे कारण घनतेच्या हिशेबात आहे. तीनास एक प्रमाणातल्या मूळ मिश्रणाची छिद्ररहित घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ६.८ ग्रॅम, तर संयुगाची ७.५, म्हणजे अभिक्रियेतच घनफळ ९ टक्क्यांच्या आसपास घटते. समअणू संयुगात ही घट १२ टक्क्यांवर जाते, शिवाय उष्णताही कितीतरी जास्त सुटते. म्हणून तिथे वडी वितळून आकार बिघडण्याची भीती मोठी. पूर्ण घट्ट पिंड हवा असेल तर अभिक्रिया चालू असतानाच बाहेरून दाब देतात.

शेवटी १,१००-१,२०० अंशांवर धरून रचना एकसारखी करतात आणि क्ष-किरण विवर्तनाने (स्फटिकरचना ओळखणाऱ्या क्ष-किरण तपासणीने) शिल्लक निकेल किंवा ॲल्युमिनियमबहुल संयुगे शोधतात. बारीक ॲल्युमिनियमचा धुरळा हवेत पेटून स्फोट होऊ शकतो. जळत्या भुकटीवर पाणी टाकले तर हायड्रोजन सुटतो, म्हणून कोरडी वाळू जवळ ठेवतात. निकेलची भुकटी श्वासात जाणे कर्करोगकारक मानले जाते, त्यामुळे वजन व मिश्रणाचे काम मास्क लावून, शोषक हुडखालीच करावे.