ठेच लागणं वेगळं, राग येणं वेगळं

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांच्या बैठकीत एक वाक्य कधी ना कधी येतंच: "यानं आम्हाला अडखळण होतं." कधी तरुणांनी उपासनेत ढोलकी आणली म्हणून, कधी लग्नात वाइन ठेवली म्हणून, कधी कुणी शेजाऱ्यांकडचा मोदक खाल्ला म्हणून. हे वाक्य आलं की पुढचं बोलणं खुंटतं, कारण त्यामागे प्रेषित पौलाचं, म्हणजे नव्या करारातली कितीतरी पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्याचं, वजन असतं. अन्नामुळे माझ्या भावाला अडखळण होणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं त्यानं करिंथकरांना धाडलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलं. पण पौल ज्याला अडखळण म्हणतो ते आणि बैठकीत बोलून दाखवलं जातं ते, बहुतेक वेळा एक नसतं. पहिलं म्हणजे ठेच लागणं, दुसरं म्हणजे राग येणं.

ठेच काय ते कळायला ग्रीसमधल्या करिंथला जावं लागतं. रोमनांनी हे शहर इ.स.पूर्व 146 मध्ये उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पूर्व 44 मध्ये जुलियस सीझरनं तिथं पुन्हा वस्ती बसवली. पौल आला तेव्हा हे नवं, पैसेवालं, देवळांनी भरलेलं बंदर होतं. देवळांना जोडून जेवणाच्या खोल्या असत. अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या देवळाजवळच्या अशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. मंडळीतल्या काही जाणत्यांना तिथली आमंत्रणं येत आणि ते जात. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच, मग मांस ते मांस. पौल यातलं एक अक्षरही खोडत नाही.

तो फक्त त्याच पंगतीकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लावतो. कालपर्यंत त्या देवाला नवस बोलणारा, नुकताच विश्वासात आलेला एक माणूस तुम्हाला तिथं बसलेलं पाहतो. त्याला धीर येतो आणि तोही बसतो. इथं पौलानं खास टोमणा मारलाय: आत्मिक उभारणीसाठी तो एरवी जो शब्द वापरतो तोच इथं वापरून म्हणतो की अशानं त्या दुर्बळाची खाण्यासाठी "उभारणी" होईल. तुमच्यासाठी ते जेवण आहे, त्याच्यासाठी ती अजून पूजाच आहे. तो तुमचं पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध वागतो आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी विटाळते. पौल याला नाश म्हणतो. नाराजी हा शब्द त्याला इथं पुरलाच नसता.

आणि या आठव्या अध्यायात तो दुर्बळ भाऊ तोंडातून एक शब्दही काढत नाही. तक्रार नाही, अर्ज नाही. तो बघतो आणि अनुकरण करतो. मला वाटतं, सगळी मेख इथंच आहे. ठेच लागणारा सहसा गप्प असतो. "मला ठेच लागते" असं ठणकावून सांगणारा मात्र चाळीस वर्षांचा मुरलेला ख्रिस्ती असतो. ढोलकी ऐकून तो काही ढोलकी वाजवायला लागणार नाही की विश्वास सोडून जाणार नाही. त्याला ती आवडत नाही, एवढंच. नावड खरी असते, तिचा मान ठेवावा, पण तिला पौलाचा अंगरखा घालू नये.

लग्नातल्या वाइनचं मात्र उलटं होऊ शकतं. "काना गावच्या लग्नात प्रभूनंच पाण्याचा द्राक्षारस केला," असं म्हणून मोकळीक घेणारे आपल्याकडे पुष्कळ. बैठकीत कुरकुरणाऱ्या काकांना त्यांनी खुशाल उत्तर द्यावं. पण त्याच मांडवात सहा महिन्यांपूर्वी दारू सोडलेला एखादा बसलेला असतो. तो काही बोलणार नाही, पेला पुढे आला तर नकारही देणार नाही. पौलाचं वाक्य त्याच्यासाठी आहे.

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. तिथं काही जण फक्त भाजी खात आणि बाकीच्यांना दोष देत. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, असं पौल सांगतो. आणि लगेच, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. केवळ दोष देणं म्हणजेच ठेच लागणं असतं, तर हे दुसरं वाक्य लिहायचं कारणच नव्हतं.

गोंधळाला एक प्रामाणिक कारणही आहे: मूळ ग्रीकमध्ये दोन्हींसाठी एकच क्रियापद येतं. मत्तयच्या पंधराव्या अध्यायात शिष्य येशूला सांगतात की तुमचं बोलणं परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, खटकलं. तो म्हणतो, राहू द्या त्यांना, ते आंधळे वाटाडे आहेत. दोनच अध्यायांनंतर मंदिराच्या कराची गोष्ट येते. राजाच्या पुत्रांना कर नसतो, तसे देवाचे पुत्रही मोकळे आहेत, हे सांगूनही येशू कर भरतो, कारण लोकांना खटकू नये. शब्द तोच, वागणं वेगळं. शब्दकोश घेऊन बसणाऱ्याला याचं उत्तर मिळत नाही. समोर कोण आहे आणि काय पणाला लागलंय, ते बघावं लागतं.

पौलानंही तेच केलं. तीमथ्य या तरुण सहकाऱ्याची त्यानं सुंता करवली, कारण त्या भागातल्या यहुद्यांमध्ये काम करायचं होतं. तीत या ग्रीक सहकाऱ्याच्या बाबतीत काही जणांनी सुंतेचा आग्रह धरला, तर तो घटकाभरही नमला नाही. तीमथ्याच्या वेळी त्यानं आपलं स्वातंत्र्य आपण होऊन सोडलं होतं. तीताच्या वेळी दुसऱ्याची नावड तारणाची अट होऊ पाहत होती.

आपल्याकडे याचं एक उदाहरण घरातलंच आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण सोवळं-ओवळं घेऊनच. टिळकांच्या लेखी जातीचे निर्बंध केव्हाच संपले होते, वाद घालण्यातही ते कुणाला हार गेले नसते. तरी बायकोनं आपल्या हातचं, आपल्या रीतीनं रांधून खाणं त्यांनी चालू दिलं. पुढे ते सोवळं लक्ष्मीबाईंनी स्वतःच, स्वतःच्या मनाला पटल्यावर सोडलं, आणि 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला.