सुलेखन आणि लेटरिंग: खरी गफलत कटाच्या कोनात आहे

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॅफेत फळ्यावर रंगीत खडूनं रंगवलेला मेनू दिसला, की कुणीतरी म्हणतंच, "काय मस्त कॅलिग्राफी आहे!" मस्त असतं, पण ते लेटरिंग असतं. मराठी भाषा गौरव दिनाच्या सुलेखन स्पर्धांतही निम्मी पोस्टर्स अशीच असतात, आणि परीक्षक दोन्ही एकाच काट्यानं मोजतात. हे मला मनापासून खटकतं.

लेटरिंग बहुतेकांनी केलेलं असतं, म्हणून थोडक्यात सांगून पुढे जातो. पेन्सिलीनं अक्षराची बाह्यरेषा काढायची, पटली नाही तर खोडायची, मग आत रंग भरायचा. जाडी तुम्ही ठरवाल तिथं. यात कमीपणा काहीच नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली, की अक्षरं पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा.

सुलेखनात जाडी आपण ठरवत नाही. ती पेनाच्या कटातून, म्हणजे टोकाच्या सपाट कापलेल्या धारेतून येते. गोंधळ होतो तो इथेच. ब्रश पेनवर इंग्रजी अक्षरं शिकलेली मुलं एक नियम घेऊन येतात: खाली येताना दाब, वर जाताना हलकं. तो लवचीक टोकाचा नियम आहे. देवनागरी घडली ती बोरूवर, म्हणजे टोक तासलेल्या वेताच्या लेखणीवर, आणि बोरूला दाबाशी फारसं देणंघेणं नाही. त्याची धार कागदावर कोणत्या कोनात टेकली आहे, एवढंच तो पाहतो.

करून बघा. कट निबची धार वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे, ४५ अंशांत टेकवा. ती न फिरवता एक अधिक चिन्ह काढा. उभी आणि आडवी रेघ सारख्याच जाडीची येईल. ५ मिलिमीटरच्या कटाला साधारण साडेतीन मिलिमीटर. दंड (अक्षराची उभी रेघ) आणि शिरोरेखा एकाच वजनाच्या का दिसतात, ते इथं समजतं. आता फुली काढा. डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ केसासारखी बारीक येईल, दुसरी पूर्ण कटाएवढी जाड. रोमन अक्षरांत धार बरोबर उलट्या बाजूला झुकलेली असते, त्यामुळे जाड-बारीकही उलटं होतं.

म्हणूनच रोमन पद्धतीनं धरलेल्या पेनानं देवनागरी लिहिली, की अक्षर वळणदार असूनही परकं वाटतं. ताडायचं असेल तर ठ बघा. त्याचा गोल वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरलेला हवा. लग्नपत्रिकांवर हा ठ हटकून उलटा सापडतो.

बाजारात निब घेताना देवनागरीसाठीच्या तिरक्या कटाची मागा. नुसतं 'कॅलिग्राफी निब' म्हणालात तर बहुधा सरळ कट हातात पडेल. सरळ कटाचा मार्करच असेल, तर तो बोटांतल्या बोटांत फिरवून धार बसवा. मनगट मुरगळू नका, दोन ओळींत हात भरून येतो. अक्षराची उंची मी पाच कटांएवढी धरतो. त्याहून कमी केली तर क्ष, ज्ञ, द्ध यांच्या पोटातली जागा बुजते.

आणि कृपा करून, बोरूनं लिहून झाल्यावर पट्टी लावून जेल पेननं शिरोरेखा ओढू नका. ती त्याच कटानं, त्याच कोनात यायला हवी. लिहिलेल्या अक्षराला बारीक पेनानं कडा काढून ते 'नीट' करणंही तसंच. त्यानं शाईचा ओघ मरतो, आणि लेटरिंगची सफाईही येत नाही.

कशासाठी काय वापरायचं, हे सोपं आहे. प्रमाणपत्रांवर शंभर नावं घालायची तर सुलेखन, कारण प्रत्येक नाव रेखाटत बसायला वेळ नसतो. रविवार कारंजावरच्या दुकानाची पाटी किंवा २०२७ च्या सिंहस्थासाठी भिंतीवर रंगवायचा दिशाफलक असेल, तर लेटरिंग. गर्दीतून, लांबून, चालता चालता वाचता यायला हवं, आणि त्यासाठी अक्षराची पोटं हातानं मोकळी करावी लागतात. तिथं बोरूचा हट्ट धरू नये.