तबकडीपासून रॉकपर्यंत: बॉन्झो डॉग डू-डा बँड

बॉन्झो डॉग डू-डा बँडची ओळख आज 'विक्षिप्त विनोदी रॉक बँड' अशी करून दिली जाते. पण १९६२ साली लंडनच्या आर्ट स्कूलमधल्या पोरांनी तो उभा केला, तेव्हापासून पहिली चार वर्षं त्याचा रॉकशी फारसा संबंध नव्हता. त्याचं मूळ होतं ग्रामोफोनच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांत. ब्रिटनमध्ये १९६० च्या सुमारास त्या निघणं बंद झालं आणि घराघरांतले जुने साठे लंडनच्या जुन्या बाजारात कवडीमोलाने विकायला आले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावणाऱ्या या तबकड्यांवर १९२०-३० च्या दशकांतला जॅझ, डान्स बँड आणि लोक पार विसरून गेलेली चक्रम गाणी होती. पोरं ती ऐकून बसवायची आणि पबमध्ये वाजवायची.

नावही त्याच काळातलं. बॉन्झो हे जॉर्ज स्टडी या चित्रकाराचं १९२० च्या दशकात गाजलेलं कुत्र्याचं पिल्लू. त्यापुढे आधी 'डाडा' होतं, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातली ती बंडखोर कलाचळवळ. कागदाच्या कपट्यांवर शब्द लिहून ते जुळवत नाव ठरवण्याची रीतही डाडावाल्यांचीच. पण डाडा म्हणजे काय हे दर वेळी समजावून सांगावं लागे, म्हणून पुढे 'डू-डा' झालं. १९६९ पर्यंत तेही गळून नुसतं 'बॉन्झो डॉग बँड' राहिलं.

या वाटेवर ते पहिले नव्हते. टेम्परन्स सेव्हन हा तशाच जुन्या थाटाचा बँड १९६१ मध्ये खपाच्या ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला होता. निर्माते होते जॉर्ज मार्टिन, जे पुढे बीटल्सचे झाले. म्हणजे जुनं संगीत नव्याने खपतं हे सिद्ध झालेलंच होतं, आणि बॉन्झोंवरचं संकटही तिथूनच आलं.

१९६६ मध्ये गीतकार जेफ स्टीफन्स यांनी स्टुडिओतले वादक जमवून 'न्यू व्हॉडव्हिल बँड' या नावाने 'विंचेस्टर कथीड्रल' हे गाणं काढलं. कर्ण्यातून गायल्यासारखा आवाज, १९२० च्या दशकातला थाट. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण मंचावर उभा करायला बँडच नव्हता. बॉन्झोंना विचारणा झाली, त्यांनी नकार दिला. त्यांच्यातला कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा बॉब केर मात्र तिकडे गेला. थोड्याच दिवसांत टीव्हीवर बॉन्झोंसारखाच दिसणारा बँड झळकला आणि नक्कल बॉन्झोच करतात असं लोक म्हणू लागले. जुन्या गाण्यांवर राहणं आता शक्य नव्हतं. गायक व्हिव्हियन स्टॅन्शल आणि पियानोवादक नील इनिस स्वतःची गाणी लिहू लागले ते या रेट्यामुळे. माझ्या मते बँडच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. केर गेला नसता तर आज त्यांची आठवण एखाद्या तळटीपेत उरली असती.

१९६७ चा 'गोरिला' हा पहिला अल्बम त्याचं फळ. त्यातल्या 'द इंट्रो अँड द आउट्रो'मध्ये स्टॅन्शल एकेका वादकाची ओळख करून देतो. सुरुवातीची नावं बँडमधल्यांचीच, सगळी खरी. मग ऐकणाऱ्याला सावध व्हायला वेळ न देता झायलोफोनवर हॉलिवूडचा नट जॉन वेन येतो, व्हायब्रफोनवर हिटलर येतो, आणि काउंट बेसीचा अख्खा ऑर्केस्ट्रा एक ट्रँगल वाजवायला येतो. ओळखी संपायच्या आत गाणं विरून जातं. खाली वाजणारा जॅझ चोख आहे, म्हणूनच वरचा फार्स तोलला जातो.

त्याच वर्षी बीटल्सच्या 'मॅजिकल मिस्टरी टूर' या टीव्ही-चित्रपटात ते 'डेथ कॅब फॉर क्यूटी' गाताना दिसले. मुलांच्या 'डू नॉट अ‍ॅडजस्ट युअर सेट' या मालिकेतही ते नेमाने असत. तिथे एरिक आयडल, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन काम करत होते. पुढे गाजलेल्या मॉन्टी पायथन या विनोदी चमूची निम्मी मंडळी इथलीच.

एकमेव मोठं यश १९६८ चं: 'आय अ‍ॅम द अर्बन स्पेसमन', ब्रिटनमध्ये पाचवा क्रमांक. निर्माता म्हणून नाव छापलं 'अपोलो सी. व्हर्मथ', प्रत्यक्षात पॉल मॅकार्टनी. स्टॅन्शलला त्यात बागेतला पाण्याचा पाइप वाजवायचा होता: एका टोकाला ट्रम्पेटची मुखनळी, दुसऱ्याला नरसाळं. ओठांच्या कंपनाने ट्रम्पेटसारखाच सूर निघतो, पण नरसाळ्याचं टोक डोक्यावर गरगर फिरवलं की आवाज जवळ येतो, लांब जातो आणि सूर हेलकावतो. एका जागच्या माइकमध्ये हे पकडता येईना. मॅकार्टनींनी खोलीच्या चारही कोपऱ्यांत माइक लावायला सांगितलं.

मंचावरची यंत्रं बँडमधल्याच रॉजर रस्किन स्पिअरची. रोबॉट, स्फोट, आणि दुकानातल्या पुतळ्याच्या पायात बसवलेला थेरेमिन, म्हणजे हात न लावता वाजवायचं विजेवरचं वाद्य. थेरेमिनचा सूर अँटेनापासून हात किती लांब आहे यावर ठरतो. शेजारून दुसरा कुणी गेला तरी तो सरकतो, त्यामुळे गर्दीच्या मंचावर हे वाद्य सांभाळणं कठीण.

अमेरिकेत १९६९ मध्ये दौरे झाले, पण जम बसला नाही. त्यांचे संदर्भ फारच घरगुती होते. त्या वर्षीच्या अल्बमचं नावच 'केनशम'. रेडिओ लक्झेंबर्गवर फुटबॉल पूल (सामन्यांच्या निकालांवरची पैज) जिंकण्याची युक्ती विकणारे होरेस बॅचलर आपल्या पत्त्यातलं हे गाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगत. ब्रिटिश श्रोत्याला नुसतं नाव ऐकून हसू यायचं. बाहेरच्याला काहीच कळायचं नाही.

१९७० च्या सुरुवातीला बँड फुटला. १९७२ चा अल्बम केवळ कराराची पूर्तता. इनिस पुढे पायथनवाल्यांबरोबर आणि बीटल्सची टर उडवणाऱ्या 'रटल्स'मध्ये गाजले. स्टॅन्शल १९९५ मध्ये घराला लागलेल्या आगीत गेले. उरलेले २००६ मध्ये लंडनच्या अ‍ॅस्टोरियात एकत्र वाजले. इनिस २०१९ मध्ये गेले.

नव्याने ऐकणाऱ्याने 'गोरिला'पासून सुरुवात करावी, मग १९६८ चा 'द डोनट इन ग्रॅनीज ग्रीनहाउस' घ्यावा. 'केनशम' शेवटी ठेवावा. होरेस बॅचलर ठाऊक झाल्यावर तो जास्त खुलतो.