पाकिटात किती निघेल?

चीनमध्ये नववर्षाला थोरांनी लहानांना लाल पाकिटात पैसे घालून द्यायची जुनी रीत आहे. २०१४ च्या सणात टेन्सेंट कंपनीच्या वीचॅट या गप्पांच्या ॲपने हे पाकीट मोबाइलवर आणलं, तेही अख्ख्या ग्रुपमध्ये टाकता येईल असं. समजा, पाच जणांसाठी कुणी १०० युआन टाकले, तर प्रत्येकी २० अशी सरळ वाटणी होत नाही. अशा पाकिटांसाठी एक पद्धत सर्रास सांगितली जाते. दर वेळी उरलेल्या रकमेची उरलेल्या माणसांमागे सरासरी काढायची आणि शून्याच्या थोडं वरपासून त्या सरासरीच्या दुपटीपर्यंत कुठलाही आकडा उचलायचा. पहिल्याला १ युआन मिळेल किंवा ३९ सुद्धा. शेवटच्याला उरेल ते. गंमत अशी की असे हजारो डाव मांडले, तरी पहिल्याची आणि शेवटच्याची सरासरी २० च येते. फसवणूक कुणाचीच नाही आणि उत्सुकता मात्र दर वेळी नवी. हे पैसे काढून घ्यायचे तर बँक खातं जोडावं लागतं. कोट्यवधी लोकांनी ते हौसेने जोडलं आणि गप्पांचं ॲप पैशांचं पाकीट झालं.

फेसबुकची वाट वेगळी. त्याची आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिचं ९५ टक्क्यांहून अधिक उत्पन्न जाहिरातींचं. जाहिरातदार पैसे मोजतो, म्हणून तुम्ही स्क्रीनवर जितके रेंगाळाल तितकं तिला हवंच असतं. टेन्सेंटची मोठी कमाई गेम्स आणि पेमेंटसारख्या सेवांतून येते.

पूर्वेकडची माणसं समूहात रमणारी, म्हणून हा फरक, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. टेन्सेंटची क्यूक्यू ही आधीची गप्पांची सेवा १९९९ मध्ये आली, तेव्हा चीनमध्ये क्रेडिट कार्ड फारसं कुणाकडे नव्हतं आणि ऑनलाइन जाहिरातींचा बाजारही तुटपुंजा होता. मग कंपनीने ‘क्यू नाणी’ विकायला काढली. त्यांतून पोरं आपल्या पडद्यावरच्या बाहुलीला कपडे घ्यायची. कोरियात सायवर्ल्ड या सोशल साइटवर ‘ओकफळं’ नावाची नाणी विकत घेऊन लोक आपलं पान सजवत. जपानच्या लाइन या गप्पांच्या ॲपने २०१२ पासून स्टिकर्सवर पैसे कमावले. सुटे पैसे थेट वापरणाऱ्याकडून घ्यायची सवय धंद्याला अशी लागली.

भारतात तिसरंच घडलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे पाठवण्याची वाट कुणा एका ॲपच्या मालकीची राहिली नाही. व्हॉट्सॲपला पेमेंटची परवानगी मिळाली नोव्हेंबर २०२० मध्ये, तीही सुरुवातीला २ कोटी लोकांपुरती. तोवर लोकांचे हात फोनपे आणि गुगल पेवर बसले होते. आज पुण्यातल्या भाजीवाल्याला ‘मेथीच्या दोन जुड्या ठेवा’ हा निरोप व्हॉट्सॲपवर जातो, पण त्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड कुठल्याही ॲपने चालतो. म्हणून इथे व्हॉट्सॲपच्या कमाईचा एक मोठा मार्ग वेगळाच आहे: ओटीपी, तिकिटं, ऑफर असे जे संदेश बँका आणि कंपन्या आपल्याला पाठवतात, त्यांचं शुल्क पाठवणारे मेटाला भरतात.