जोराला न जुमानणारा नट

मालवणहून मासळी घेऊन कोल्हापूरकडे जाणाऱ्या पिकअपची मागची चाकं कधी नीट बघा. बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून गळत असतं, आणि त्यातलं बरंचसं चाकावरच पडतं. दोन पावसाळे गेले की त्या चाकाच्या नटांचे काळपट तांबूस गोळे होतात. असं चाक फोंडा घाटात पंक्चर झालं की ड्रायव्हर पाना लावून हाताने जोर करतो, मग पान्यावर पाय देतो, शेवटी दोन्ही पाय ठेवून चक्क उभा राहतो. नट ढिम्म. कणकवलीतला एखादा जुना फिटर हे बघून म्हणेल, "ह्यो जोराक दाद देवचो नाय, ठोकूक व्हयो."

फिटरचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते आकड्यांत मांडता येतं. गाडीबरोबर मिळणारा व्हील पाना साधारण ३० सेंटिमीटर लांब असतो. ७० किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला तर नटावर सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, पडतो. छोट्या मोटारींचे नट आवळलेले असतात १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. दुप्पट पीळ देऊनही जो नट सुटत नाही, तो बॅटरीवर चालणारं दोन-अडीच किलोचं इम्पॅक्ट रेंच बऱ्याचदा काही सेकंदांत सोडवतं. गॅरेजवाले त्याला नुसतं 'गन' म्हणतात. गंमत म्हणजे गन धरणाऱ्याच्या मनगटाला फारसा त्रास होत नाही. २०० न्यूटन-मीटरला न हललेला नट फिरतोय, मग त्याची उलट प्रतिक्रिया गेली कुठे? न्यूटनचा तिसरा नियम काही कोकणात येऊन रद्द होत नाही.

आधी नट एवढा जाम का होतो ते पाहू, कारण इथे कोकणचं हवामान खरोखर वेगळं वागतं. लाटा फुटतात तेव्हा पाण्यात कोंडलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते, आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब उडवतो. ते वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात. किनाऱ्यालगतचे पहिले काहीशे मीटर सर्वांत वाईट. पुढे हवेतलं मीठ भराभर कमी होत जातं. या मिठात आपल्या जेवणातल्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेऊन पाझरू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. कोकण किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे भर उन्हात गाडी कोरडी खडखडीत दिसत असली, तरी लोखंडावर बसलेला मिठाचा थर ओलसरच राहतो.

पावसाने मीठ धुऊन जातं हेही अर्धंच खरं आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो टपावरचं आणि बॉनेटवरचं मीठ धुतो. गाडीच्या पोटाखाली, चाकाच्या मागे, नटाच्या आत तो सरळ पोहोचत नाही. तिथे ओल शिरते आणि मीठ मात्र राहतं. हौसेने पुळणीवर गाडी घालणाऱ्या पर्यटकांबद्दल काय बोलावं! ओल्या वाळूत रुतलेली गाडी दोरीने ओढून निघते. आतवर शिरलेलं मीठ निघत नाही.

गंजाचा एक स्वभाव सहज लक्षात येत नाही. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून तो दाखवला. थेंबाच्या कडेला हवा जास्त, म्हणून लोखंड तिथे झिजेल अशी आपली अटकळ. प्रत्यक्षात ते झिजतं थेंबाच्या मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी पोहोचतो. कडेला प्राणवायूची रासायनिक क्रिया चालते आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन मधलं लोखंड स्वतः विरघळून पुरवतं. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्यामुळे हा व्यवहार जोरात चालतो. आता नटाचे आटे डोळ्यांसमोर आणा. बाहेर हवा भरपूर, आत केसाएवढ्या फटीत ओल आणि हवेची टंचाई. अशा फटीत क्लोराइड जमत जातं, आतलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि गंज ज्या लोखंडापासून झाला त्याच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा तिथे नसते. मग गंज दोन्ही बाजूंना दाबत आट्यांमध्ये ठासून बसतो.

त्यात नट मुळातच किती ताणाखाली असतो याची आपल्याला कल्पना नसते. १०० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळताना ढोबळमानाने निम्मा टॉर्क नटाच्या बुडाशी घर्षणात खर्च होतो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम १० टक्क्यांतून चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, दाबून धरणारा ताण तयार होतो. पण त्या १० टक्क्यांत १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आटे पाडलेल्या दांड्यावर, सुमारे ४ टनांचा ताण येतो. स्टड खरोखर ताणला जातो, मिलिमीटरच्या काही शतांशांनी. दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असतं, त्यामुळे नट एक अष्टमांश फेरा जरी मागे आला तरी हा ताण जवळजवळ संपतो. जी काही मारामारी आहे ती या पहिल्या काही अंशांची. मात्र आटे बाहेरपर्यंत गंजलेले असतील तर पुढेही कुरकुर चालू राहते.

आता गनकडे वळू. नारळ दगडावर ठेवून कितीही दाबला तरी फुटत नाही आणि एकदा आपटला की फुटतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. आपटताना हात लांबून येत नारळाला जी गती देतो, ती दगडाला लागताच क्षणात संपते. वेळ जितका कमी, तितकं बल जास्त. गनमध्ये हेच पिळाच्या रूपात, सेकंदाला चाळीसेक वेळा घडवून आणलेलं असतं.

तिच्या पोटात एक छोटी मोटर, पुढे गिअर, आणि गिअरच्या दांड्यावर एक जड पोलादी कडं असतं. हा हातोडा. तो दांड्यावर पक्का बसवलेला नसतो. दांड्यावर इंग्रजी 'व्ही' आकाराच्या खाचा असतात, त्यांत पोलादी गोळ्या, आणि मागे दणकट स्प्रिंग. हातोड्याच्या पुढे ऐरण. तिचं बाहेर आलेलं चौकोनी टोक सॉकेटमध्ये, म्हणजे नटावर बसणाऱ्या वाटीत, बसतं. हातोड्याला आणि ऐरणीला प्रत्येकी दोन दात असतात. नट मोकळा असेल तर सगळं एकत्र फिरतं आणि गन साध्या ड्रिलसारखी वागते. नट अडला की ऐरण थांबते, मोटर मात्र फिरतच असते. गोळ्या खाचेतून सरकतात, हातोडा स्प्रिंग दाबत मागे येतो, त्याचे दात ऐरणीच्या दातांवरून सुटतात, आणि दाबलेली स्प्रिंग त्याला फिरवत पुढे फेकते. अर्धा फेरा वेग घेऊन तो पुढच्या दातावर आदळतो. लगेच पुन्हा मागे. आपल्याला ऐकू येणारा टर्रर्र आवाज म्हणजे या दणक्यांची रांग.

प्रतिक्रियेचा हिशोब इथे लागतो. समजा एक दणका एका मिलिसेकंदाचा आहे आणि त्यात टॉर्क शून्यापासून ४०० न्यूटन-मीटरपर्यंत चढून पुन्हा उतरतो. सरासरी धरू २००. टॉर्क आणि वेळ यांचा गुणाकार केला तर एका दणक्याचा आवेग ०.२ न्यूटन-मीटर-सेकंद. सेकंदाला असे ४० दणके, म्हणजे सरासरी टॉर्क फक्त ८ न्यूटन-मीटर. नटाला ४०० चा दणका बसतो, आणि हाताला आणि गिअरला ८ च सोसावे लागतात, कारण हातोडा वेग घेत असतो तेव्हा मोटर त्याला हळूहळू, सतत पिळत असते. मुठीवर हे पाचेक किलोचं ओझं झालं. न्यूटनचा नियम शाबूत आहे. प्रतिक्रिया फक्त वेळेत पसरून हप्त्याहप्त्याने हातात येते.

गंजावर ही रीत विशेष चालते त्याचं कारण गंजाच्या ठिसूळपणात आहे. पोलाद ताणलं तर लवतं, गंजाचा थर लवत नाही, तडकतो. एकामागून एक दणक्यांनी त्यातल्या भेगा वाढत जातात आणि त्याचा भुगा होतो. पान्याला लांब पाइप लावून सलग जोर दिला तर आधी स्टड पिळत जातो, आणि मीटरभर पाइपवर ७० किलोचा माणूस लटकला की जवळपास ७०० न्यूटन-मीटर होतात. एवढ्यात १२ मिलिमीटरचा स्टड सुतळीसारखा तुटू शकतो. गनने स्टड कधीच तुटत नाही असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हवेवर चालणाऱ्या गन गॅरेजांत जुन्या आहेत, पण त्यांना कॉम्प्रेसर आणि नळी लागते. घाटात किंवा दारच्या खळ्यात ते कुठून आणणार? लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, पुढे ती अशा हत्यारांना झेपेल इतका प्रवाह एका दमात देऊ लागली, आणि गनची नळी सुटली. खोक्यावरच्या आकड्यांना मात्र भुलू नये. एका सेलचा सामान्य दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. असे पाच सेल ओळीने जोडले की एकाच बॅटरीला कोणी १८ व्होल्टची म्हणतं, तर कोणी २१ ची. स्वस्त मालावर याहून फुगवलेले आकडेही दिसतात. पाच सेलच्या बॅटरीतून ते काही निघत नाहीत. टॉर्कचंही तसंच. छापलेला आकडा सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो.

ती परिस्थिती बिघडवणारी पहिली वस्तू म्हणजे एक्स्टेन्शनची दांडी. दणका मिलिसेकंदाचा, लांब दांडी तेवढ्यात स्वतःच किंचित पिळून तो गिळून टाकते. म्हणून सॉकेट थेट गनवर, नटाला घट्ट बसणारं आणि सहा कोनी. बारा कोनी सॉकेट गंजून झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करतं. चकचकीत क्रोम सॉकेट हातपान्यासाठी असतात, दणक्याने ते तडकून तुकडे उडू शकतात. गनसाठी काळे इम्पॅक्ट सॉकेट मिळतात. चष्मा आणि कानांना काहीतरी हवंच. तो आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो, शिवाय गंजाचे कपचे थेट तोंडावर येतात.

गन लावण्याआधी पाच मिनिटं तारेचा ब्रश चालवलेला बरा. उघड्या नटाबाहेर स्टडचं जे टोक डोकावतं, त्यावरचा गंज नटाला सुटताना पार करायचा असतो. तो तसाच ठेवला तर आटेच सोलले जातात. मग गंज सोडवणारं तेल. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा असो की डिझेल, फटीत ते केशाकर्षणाने शिरतं आणि त्याला वेळ लागतो. फवारलं आणि लगेच गन लावली तर तेल बाहेरच राहतं. आदल्या रात्री मारून ठेवलं तर उत्तम. जुने फिटर नट सोडवण्याआधी एक झटका आवळण्याच्या दिशेने देतात, तेही शहाणपणाचं आहे, गंजाचा थर दोन्हीकडून तडकतो. चोरी टाळण्यासाठी बसवलेल्या लॉक नटाला मात्र गन लावू नये, त्याच्या चावीचे नाजूक दात मोडतात. चाकाच्या नटाला गॅसची ज्योत दाखवणं तर नकोच: शेजारी टायर आहे, हबचं बेअरिंग आहे, आणि वर तुम्ही नुकतंच तेल फवारलेलं आहे.

नट सुटले तरी चाक निघेलच असं नाही. अॅल्युमिनियमचं अलॉय व्हील आणि पोलादी हब खाऱ्या ओलीत एकत्र आले की त्यांचा एक छोटा विद्युतघट तयार होतो, अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी चाक हबला चिकटवून टाकते. इथे गन कामाची नाही. नट दोनतीन आट्यांवर सैल ठेवून टायरला बाजूने रबरी हातोड्याचे ठोके द्यायचे, म्हणजे चाक निसटलं तरी अंगावर येत नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना हे करू नये, खाली भक्कम आधार हवा.

परत बसवताना गन बाजूला ठेवावी. सोडवताना किती दणके बसले याला महत्त्व नसतं, आवळताना असतं, आणि नटावर नेमका किती टॉर्क बसला हे साध्या गनला कळत नाही. दोन सेकंद घोडा जास्त दाबला तर स्टड कायमचा ताणला जाऊ शकतो, आणि पुढच्या पंक्चरला तोच नट पुन्हा छळतो. नट हाताने लावायचे, चाक जमिनीवर टेकवून समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की 'टक' करणाऱ्या पान्याने, आवळायचे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके. शंभरेक किलोमीटरनंतर एकदा तपासायचे.

ग्रीसचा मोह किनाऱ्यावर सगळ्यांनाच होतो. हबच्या चाकाला टेकणाऱ्या कडेवर, ब्रशने घासून घेतल्यावर, अगदी पातळ हात चालतो. स्टडच्या आट्यांवर, पुस्तिकेत तसं सांगितलेलं नसेल तर, लावू नये. आट्यांचं आणि नटाच्या बुडाचं घर्षण पाव हिश्शाने कमी झालं, तर त्याच १०० न्यूटन-मीटरला ४ टनांच्या जागी ५ टनांहून जास्त ताण स्टडवर येतो, आणि टॉर्क पाना मात्र सगळं ठीक असल्यासारखा 'टक' करतो.