बेळगाव सीमाभागातील रानभ्रमंती

बेळगाव सीमाभागातील रानभ्रमंती : बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी वस्तीचा पट्टा आणि त्याला लागून असलेला चंदगड तालुका येथे गड चढणे, रानवाटा तुडवणे आणि त्या ओघात जंगलात वावरायचे शिकणे, अशी ही रुळलेली परंपरा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्याकडे राहिला. त्यामुळे बेळगावकरांचे नेहमीचे गड, म्हणजे पारगड, कलानिधीगड, महिपालगड, गंधर्वगड, आज शेजारच्या राज्यात आहेत. वनखाती दोन, परवानग्याही दोन. नवख्यांची पहिली अडचण चढणीची नसते, कोणत्या कचेरीत विचारायचे याची असते.

शिक्षण सुरू होते ते घराच्या अंगणात. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या पोराला बुरूज कुठे आणि माची कुठे हे पाहायला थोरला भाऊ येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेतो. शहरापासून हा गड अर्ध्या दिवसात होतो. आता वरपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गड चढल्याचे समाधान ज्याला हवे त्याने मुद्दाम पायीच जावे.

खरी शाळा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या रानात. येथे पहिला धडा वाट ओळखण्याचा. माणसांची वाट आणि ढोरवाट सुरुवातीला हुबेहूब सारख्या दिसतात. फरक कळतो तो पायाशी नव्हे, छातीच्या उंचीवर. माणसाच्या वाटेवर आडव्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात, कापाच्या जागा जुन्या-नव्या दिसतात. ढोरवाटेवर फांद्या तोंडावर येतात आणि वाकून चालावे लागते. अशी वाट चरणीच्या जागी पोहोचली की दहा दिशांना फुटते आणि संपते. कारवी माजलेली असेल तर मागे आलेली वाटही सापडत नाही. गावातला गुराखी सोबत असावा, हा सल्ला सगळे देतात आणि निम्मे पाळत नाहीत.

दुसरा धडा पाण्याचा. वाट चुकल्यास ओढ्याच्या कडेने खाली उतरावे, गाव लागते, हा सल्ला देशावर चालतो. येथे तो जिवावर बेतू शकतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच मुलखात देगावजवळ उगवणारी म्हादई पश्चिमेला, गोव्यात उतरून पुढे मांडवी होते. दोन्हींचे पाणी वेगळे करणारा माथा इतका सपाट आहे की धुक्यात आपण कोणत्या बाजूला आहोत हे समजत नाही. पश्चिमवाहिनी ओढा धरला तर तो गावात नेत नाही, कड्यावर नेऊन सोडतो. गवाळीजवळचा वज्रपोहा धबधबा म्हादईचाच. म्हणून जाणता माणूस येथे चुकला की खाली उतरत नाही. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे येतो. पावसाळ्यात धबधब्यांवर बऱ्याचदा प्रवेशबंदी असते. ती मोडणाऱ्यांना धाडसी म्हणण्याची पद्धत आहे, ती प्रस्तुत नोंदीला मान्य नाही.

भीमगड परिसर २०११ मध्ये अभयारण्य झाला. किल्ल्यावर आणि आतल्या गावांकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राउटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. १९१३ मध्ये त्याचे वर्णन याच गुहेतल्या नमुन्यावरून झाले आणि पुढे कित्येक दशके त्याचे जगातले एकमेव ठाणे हेच मानले जात होते. विजेरीचा झोत आणि आरडाओरडा यांनी वसाहत उठते, त्यामुळे गुहेत न शिरणे हेही येथले कौशल्यच. गवा समोर आला तर थांबावे, त्याच्या आणि वासराच्या मध्ये येऊ नये, हळूहळू मागे सरावे. अस्वलाचा धोका पहाटे आणि सांजेला जास्त. जळवांवर मीठ किंवा तंबाखूचे पाणी चोळलेले मोजे हा गावठी उपाय अजून चालतो. चिकटलेली जळू ओढून न काढता नखाने बाजूने सोडवावी.

पूर्वेला सगळे उलटे होते. कणकुंबीपासून अथणी सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटर. पण इकडे मुसळधार तर तिकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खानापुरात तरबेज झालेला माणूस अथणी-रायबागच्या माळावर एप्रिलमध्ये पाण्याची एकच बाटली घेऊन निघतो आणि दुपारपर्यंत गळतो. तेथे चालणे सकाळी दहाच्या आत उरकायचे, विहिरी आणि वस्त्या आधी विचारून घ्यायच्या. पक्षी पाहण्यासाठी घटप्रभेवरचा धुपदाळ बंधारा चांगला. हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात.

गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळते. आभाळ निरभ्र असले तरी येथे पाणी वाढू शकते, कारण पाऊस पडतो सह्याद्रीत आणि पाणी सोडले जाते वरच्या हिडकल धरणातून. त्यामुळे कड्याच्या टोकाकडील खडकांवर जाण्यापूर्वी आकाशाकडे नव्हे, हिडकलमधून विसर्ग चालू आहे का याकडे पाहावे.