आधी मोजणी, मग बचत, शेवटी घर: मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या घरांची पार्श्वभूमी

मुंबईच्या फुटपाथवर झोपडी बांधून राहणारे कुटुंब आज कागदपत्रे जुळली तर पुनर्वसनाच्या घराला पात्र ठरू शकते. चाळीस वर्षांपूर्वी तसा विचारही कोणत्या सरकारी कार्यालयात होत नव्हता. झोपडपट्टीची निदान झोपडपट्टी म्हणून नोंद होती. फुटपाथवरच्या झोपडीच्या वाट्याला तीही आली नव्हती. हा बदल कसा घडला याचा माग काढत गेलो की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागतो, राज्य सरकारची योजना लागते, जागतिक बँकेचे कर्ज लागते. पण मला त्याचे मूळ दिसते ते भायखळा-नागपाड्याच्या रस्त्याकडेला राहणाऱ्या बायकांनी केलेल्या कामात, आणि त्यातही घर मिळण्याच्या कितीतरी आधी केलेल्या कामात.

माणसे फुटपाथवर का आली, हे आधी पाहायला हवे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२०च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. गिरण्या, गोदी आणि बाजारपेठा माणसे ओढतच राहिल्या, पण गरिबाला परवडेल अशा भाड्याच्या खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले, तशी नवी भाड्याची चाळ बांधण्यात कोणाला फायदा उरला नाही. पुढे १९७२चा दुष्काळ आला आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे शहरात उतरली. हातगाडी ओढणारा, गोदीत ओझी उचलणारा, घरकाम करणारी बाई यांना कामाच्या जवळच राहावे लागते. उपनगरातल्या झोपडीचे भाडे आणि रोजचा लोकलचा खर्च वजा केला तर त्या मजुरीतून खायला फारसे उरत नसे. त्यामुळे फुटपाथवर राहणे हा त्यांच्यापुरता चोख हिशेब होता. गावाहून आलेली माणसे चार दिवस टेकली आहेत, हा समज शहराने सोयीसाठी करून घेतला होता.

सरकारी धोरण मात्र वेगळ्या दिशेने चालले होते. १९७१चा झोपडपट्टी सुधारणा कायदा आला. जानेवारी १९७६मध्ये झोपड्यांची गणना झाली आणि गणलेल्या कुटुंबांना फोटोपास, म्हणजे फोटो लावलेली ओळखपत्रे, मिळाली. त्या कार्डाला पुढे सोन्याचे मोल आले. फुटपाथवरची बहुतेक कुटुंबे या मोजणीत धरलीच गेली नाहीत.

गणना झाली म्हणून झोपडी सुरक्षित राहते असेही नव्हते. त्याच वर्षी, आणीबाणीत, मानखुर्दजवळची जनता कॉलनी भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी रिकामी करण्यात आली. सत्तर हजारांच्या आसपास माणसे तिथून उठवून चिता कॅम्पला नेली गेली. या वस्तीसाठी वर्षानुवर्षे लढणारा तरुण म्हणजे जोकिन अर्पुथम. कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या परिसरात जन्मलेला, १९६०च्या दशकात मुंबईत आलेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यांनी नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची संघटना उभारली. मोर्चे, घेराव, कोर्टकचेरी हे सगळे करून वस्ती वाचली नाही, हा अनुभव त्यांच्या पुढच्या कामाला वळण देणारा ठरला. विरोध करायचा, पण त्याबरोबर आपला पर्याय तयार ठेवायचा, हे त्यांच्या कामाचे सूत्र झाले.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवले जाईल. ऐन पावसाळ्यात पाडापाडी सुरू झाली. न्यायालयात गेलेल्यांपैकी एकाची हकिकत निकालपत्रातच आहे. तो तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, १९६१पासून मुंबईत, एका केमिकल कंपनीत कामाला. २३ जुलैला नोटीस न देता त्याची झोपडी पाडली आणि त्याला बायकामुलांसह सेलमच्या बसमध्ये बसवले. कामाच्या शोधात तो परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहिला. गावी पाठवून हा प्रश्न सुटत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता असेल?

पत्रकार ऑल्गा टेलिस आणि नागरी हक्क संघटनांच्या याचिकांवर १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. देशभरच्या विधी महाविद्यालयांत हे वाक्य शिकवले जाते. त्याच निकालात असेही आहे की फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि पालिका अतिक्रमण काढू शकते. फक्त रीतसर नोटीस द्यावी आणि ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत थांबावे. १९७६च्या गणनेचे कार्ड असलेल्यांना पर्यायी जागा देण्याबाबतही त्यात सांगितले होते. म्हणजे तत्त्व मोठे होते, पण भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बाईच्या हाती पडली ती मुख्यतः साडेतीन महिन्यांची मुदत. निकालाचा गौरव करताना ही दुसरी बाजू आपण सहसा गाळतो.

या मुदतीत जे झाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९८४मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पार्क ही संस्था सुरू केली होती. तिचे कामाचे ठिकाण होते भायखळ्याच्या पालिका दवाखान्यामागचे गॅरेज. बायका तिथे येऊन बसत, मुलांना सोडून जात, पोलिसांनी काय केले ते सांगत. १ नोव्हेंबरला गाड्या येणार ही भीती सगळ्यांनाच होती. तेव्हा पालिकेकडे नसलेली यादी आपणच तयार करायची असे ठरले. त्या भागातल्या सुमारे ६,००० कुटुंबांची, २७,००० माणसांची नोंद झाली: कुठून आलात, केव्हा आलात, काम काय, मिळकत किती, पाणी कुठून आणता, झोपडी किती वेळा तुटली. अहवालाचे नाव होते ‘वी, द इनव्हिजिबल’. ही माणसे भिकारी किंवा गुन्हेगार नसून शहराची कामे करणारी, बहुतेक वर्षानुवर्षे तिथेच राहणारी आहेत, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. ज्या मोठ्या पाडापाडीची धास्ती होती तीही तशी झाली नाही.

मोजणीचा दुसरा परिणाम अहवालात दिसत नाही. सोफिया झुबेर रोड, डिमटिमकर रोड, वॉटर स्ट्रीट या रस्त्यांवरच्या कुटुंबांची आपसात फारशी ओळख नव्हती. प्रश्न विचारत झोपडी-झोपडी फिरताना ती झाली. यातून १९८६मध्ये महिला मिलन ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. पहिले काम रेशनकार्डाचे. ज्याला पत्ता नाही त्याला कार्ड नाही, हा नियम त्यांनी गटाने कचेरीत जाऊन हलवला. पोलीस चौकीतही एकटीदुकटीने न जाता दहा-पंधरा जणींनी मिळून जायचे, हा शिरस्ता पडला.

मग बचत. रोज संध्याकाळी एक बाई झोपडी-झोपडी फिरून रुपया-दोन रुपये गोळा करी. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनी हिशेबासाठी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. प्रत्येक रकमेला वेगळा रंग, आणि प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी. आजारपण, मयत, काम सुटणे यांसाठी त्यातूनच कर्ज मिळे. बँकेच्या दृष्टीने रक्कम किरकोळ होती. तरीही रोज दारात येणाऱ्या त्या बाईला कोणत्या घरात काय अडचण आहे हे ठाऊक असे, आणि असा विश्वास जमवायला वर्षे लागतात. आपल्याकडच्या गृहनिर्माण योजनांत आधी इमारत आणि नंतर सोसायटी असा उलटा क्रम असतो. अनेक पुनर्वसन इमारती पाच वर्षांत का खंगतात, याचे एक मोठे कारण मला तिथेच दिसते.

बचतीबरोबर घराचा आराखडाही आकाराला येऊ लागला. बायकांनी शहराच्या विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी राखीव दाखवलेल्या जमिनी शोधल्या आणि बसने जाऊन त्या पाहून आल्या. रिकामी जागाच नाही, हे उत्तर मग त्यांना देता येईना. पुठ्ठ्याची मॉडेल्स झाली, आणि नंतर भायखळ्यात खऱ्या मापाचे नमुनाघर उभे करून प्रदर्शन भरवले गेले. एकच खोली, पण चौदा फूट उंच आणि आत पोटमाळा. चाळीच्या खोलीत वाढलेल्या कोणालाही त्या पोटमाळ्याचे महत्त्व सांगावे लागणार नाही. शिवाय ते घर स्वस्तात बांधता येत होते. अधिकाऱ्यांना तिथे बोलावून आपले घर समजावून सांगणाऱ्या बाया काल-परवापर्यंत पालिकेची गाडी दिसली की भांडी घेऊन पळत होत्या.

असे असूनही जमीन मिळायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. १९९५मध्ये युती सरकारने झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन केले: झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे मोफत घर, आणि विकासकाला त्या बदल्यात विकायला जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी. या योजनेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. पण तिच्यात पहिल्यांदा फुटपाथवासीयही पात्र ठरले. अट एकच, १ जानेवारी १९९५पूर्वीचा पुरावा हवा. भायखळ्याच्या कुटुंबांकडे दशकभर आधीच्या सर्व्हेची नोंद होती.

या पद्धतीचा सर्वांत मोठा कस रेल्वेच्या कडेला लागला. १९८८मध्ये रुळांलगतच्या अठरा हजारांवर झोपड्यांची मोजणी झाली होती. रुळाला झोपड्या इतक्या खेटून होत्या की कित्येक ठिकाणी गाड्यांना वेग कमी करावा लागे. मानखुर्द-बेलापूर मार्गासाठी सुमारे १८० कुटुंबांनी स्वतःहून जागा सोडून जनकल्याण नावाची वसाहत उभारली, ती पहिली चाचणी. पुढे जागतिक बँकेच्या मदतीच्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात सुमारे साठ हजार माणसे बळजबरी न होता हलली. कोण कुणाशेजारी राहणार हेसुद्धा वस्त्यांनी ठरवले. त्याच प्रकल्पात रस्त्यांसाठी झालेल्या विस्थापनाबद्दल मात्र तक्रारी गेल्या, बँकेच्या निरीक्षण समितीने कठोर ताशेरे ओढले आणि २००६मध्ये काही निधी थांबवला गेला. जिथे संघटन आधीपासून होते आणि जिथे ते घाईत उभे करावे लागले, त्यांतला फरक इथे उघड दिसतो.

फुटपाथवरच्या बायकांचे घरही अखेर मानखुर्दलाच झाले. त्या वसाहतीचे नाव मिलन नगर. बांधकामावर देखरेख, मालाची खरेदी, हिशेब यांत महिला मिलनच्या बायका होत्या. बांधकामासाठी १९९८मध्ये ‘निर्माण’ नावाची वेगळी ना-नफा कंपनी काढण्यात आली होती. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांतही हीच रीत चालली. केंद्राच्या शहर नवीकरण योजनेतून लोकांच्या मूळ जागेवरच २७० चौरस फुटांची घरे, कुटुंबाचा दहा टक्के वाटा, आणि आराखडे घरोघरी दाखवून पक्के केलेले. दक्षिण आफ्रिकेतल्या बेघरांच्या महासंघाने भायखळ्याच्या बचतीचा धडा घेतला. १९९६मध्ये या देशोदेशीच्या संघटनांचे आंतरराष्ट्रीय जाळेही तयार झाले. जोकिन २०१८मध्ये गेले.

घर मिळाले म्हणजे ते टिकले, असे नाही. भायखळ्याहून मानखुर्द पंधराएक किलोमीटर. घरकामाच्या चार घरांपैकी दोन सुटतात, प्रवासखर्च वाढतो. लिफ्ट, पंप, सामायिक वीज यांचा मेंटेनन्स दरमहा द्यावा लागतो. त्यासाठी सुरुवातीच्या योजनेत विकासकाने प्रत्येक घरामागे २०,००० रुपये सोसायटीच्या नावे ठेवायचे होते, पण त्याच्या व्याजात लिफ्टची दुरुस्तीही भागत नाही. मानखुर्द-गोवंडीच्या काही पुनर्वसन वसाहती इतक्या दाटीने बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथल्या क्षयरोगाचा या दाटीशी संबंध असल्याचे २०१८च्या एका अभ्यासात दिसले. ही गर्दी लोकांच्या पोटमाळ्याच्या आराखड्यातून आलेली नाही. ती आली जादा चटईक्षेत्राच्या गणितातून.

पात्रतेची तारीख १९९५वरून २०००वर आली. २००० ते २०११ दरम्यान आलेल्यांना आता अडीच लाख रुपयांत घर देण्याचे ठरले आहे. आणि ज्यांच्याकडे झोपडीच नाही, जे उड्डाणपुलाखाली किंवा स्टेशनबाहेर उघड्यावर झोपतात, ते या सगळ्या चौकटीच्या बाहेरच आहेत, कारण योजना झोपडीच्या पुराव्यावर उभी आहे. २०११च्या जनगणनेत मुंबईत असे सुमारे ५७ हजार लोक नोंदले गेले. त्यांच्यासाठी दर लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून ठरले. त्या हिशेबाने मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. शहराने त्याच्या जवळपासही मजल मारलेली नाही, आणि निवाऱ्यातून भाड्याच्या किंवा मालकीच्या घरापर्यंत नेणारा टप्पा अजून कोणत्याही योजनेत नीट बसवलेला नाही.